खड्ड्याचं पाणी

कुठल्याही नव्या इमारतीत गेले, की मी आधी तिच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारून येते. लग्नाचं कार्यालय असो, दवाखाना असो, नाहीतर भाचीनं बीड बायपासला घेतलेला फ्लॅट. वास्तुशांतीच्या दिवशी भाची सगळ्यांदेखत म्हणाली, "मावशी, लोक हॉल बघतात, ओटा बघतात. तू भिंतीमागे जाऊन काय शोधतेस गं?" मी नुसती हसले. मी शोधत असते जमिनीतला एक खड्डा. फूट-दीड फुटाचा चौकोन, वर सिमेंटचं झाकण, आतून वर आलेली तांब्याची पट्टी. त्याला अर्थिंगचा खड्डा म्हणतात. कुणी बघत नसेल तर मी ते झाकण उचलते, आत ओल आहे का ते बोटानं चाचपते, हात पुसते आणि मग ओटा बघायला जाते.

ही खोड कशी लागली ते आजवर कुणाला सांगितलं नाही. संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल काहीतरी हलकंफुलकं लिहा" असं सांगितलंय. हलकंफुलकंही आहे, ते आधी सांगते.

अठ्ठावीस वर्षं मी सर्व्हर बसवायचं काम केलं. उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होते आणि आम्ही चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांना, दवाखान्यांना, बँकांना सर्व्हर बसवून द्यायचो. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगत, "सूनबाई कंप्युटर दुरुस्त करते." मीही दुरुस्त करायचा प्रयत्न केला नाही, म्हणजे त्यांची समजूत. तर सर्व्हर म्हणजे काय? कारखान्यात पन्नास टेबलांवर पन्नास कॉम्प्युटर असतात. गोदामात माल किती उरला, आज कोण कामावर आलं, कुठल्या ट्रकमध्ये काय भरलं, हे त्यांतल्या एकालाही स्वतःला माहीत नसतं. ते सगळे एका थंड खोलीत कुलूपबंद असलेल्या एका यंत्राला विचारतात. तो सर्व्हर. त्यावरचं सॉफ्टवेअर घरच्यासारखं टाकलं आणि चाललं असं नसतं. त्याला सगळं सांगावं लागतं. तुझं नाव काय, तुला कोण काय विचारू शकतो, कुणाला उत्तर द्यायचं नाही, एक डिस्क मेली तर कारभार दुसरीवर कसा न्यायचा. हे सांगत मी दोन-दोन दिवस त्या थंडीत स्वेटर घालून बसायची. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि मी स्वेटरात. कँटीनवाले मला बघून कपाळाला हात लावायचे.

बहुतेक ठिकाणी दोन यंत्रं असत, एक विंडोजवालं, एक लिनक्सवालं. विंडोजचा स्वभाव बोलका. पावलोपावली विचारणार, नक्की का, पुढे जाऊ का, पुन्हा एकदा विचार करा. लिनक्सचं तसं नाही. काम नीट झालं तर ते अवाक्षर काढत नाही. बिघडलं तर एकच ओळ लिहितं आणि तुम्हाला विचार करायला सोडून देतं. माझे वडील असेच होते, म्हणून असेल, लिनक्सशी माझं लवकर जमलं.

वडील कोर्टात पेशकार होते. शाळा निजामाच्या काळात उर्दूत झालेली, अक्षर उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्ही लिप्यांत सारखंच वळणदार. आमचं घराणंच कागदाचं. आजोबा पंचांग आणि दप्तर दोन्ही सांभाळायचे. घरात एखाद्या गोष्टीवरून वाद झाला की वडील विचारायचे, "लिहिलंय का कुठे?" लिहिलेलं सापडलं की वाद मिटायचा. मीही तोच स्वभाव घेऊन या धंद्यात आले. लाल कापडी बांधणीची एक लांबट वही माझ्याकडे असे. तीत प्रत्येक कामाचे तेवीस मुद्दे लिहिलेले. एकेक तपासायचा, आकडा लिहायचा, खाली रेघ मारायची. मी एकदा रेघ मारली की ती दगडावरची, असं ऑफिसात सगळे चिडवायचे आणि मला ते आवडायचं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. गारखेड्यातल्या एका डॉक्टरांकडे सर्व्हरची खोली उघडली तर आत केशर आंब्यांच्या पेट्या रचलेल्या. डॉक्टरांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढी गार खोली रिकामी का ठेवायची?" त्यांच्या लेखी ती रिकामी होती. आंबे काढल्याशिवाय काम करणार नाही म्हटल्यावर त्यांनी मला दोन डझन बांधून दिले आणि पेट्या तिथेच ठेवल्या. दसऱ्याला तर माझा जीव टांगणीला. कुठे ना कुठे तरी कुणीतरी सर्व्हरला झेंडूची माळ घालणार, हळदीकुंकू वाहणार आणि ते पंख्यातून आत जाणार. एका ठिकाणी मी पेंटब्रश घेऊन अर्धा दिवस कुंकू झाडत बसले होते. मालक शेजारी उभं राहून कौतुकानं म्हणाले, "म्याडम, चांगला लाभला बरं का हा सर्व्हर." आता हे सगळं आठवलं की हसू येतं. ती माणसं मला हवीहवीशी वाटतात. तेव्हा वाटली नव्हती.

तेवीस मुद्द्यांतला तिसरा मुद्दा अर्थिंगचा होता. यंत्रात जी भरकटलेली वीज फिरत असते तिला जमिनीत जायला वाट लागते. म्हणून तांब्याची पट्टी खड्ड्यात सोडतात, भोवती मीठ आणि कोळसा भरतात आणि वरून पाणी टाकतात. माती ओली असेल तरच ती वीज पोटात घेते. कोरड्या मातीला ती नको असते. मग ती यंत्रातच घुटमळत राहते. दिव्याला, पंख्याला याचं काही वाटत नाही. सर्व्हर मात्र नाजूक. लिहिता लिहिता आकडे चुकतात, यंत्र आपोआप बंद पडून आपोआप सुरू होतं. गंमत म्हणजे दोष दिसतो तो सॉफ्टवेअरचा. म्हणून माझ्या पर्समध्ये डब्याशेजारी कायम वीज मोजायचा एक मल्टिमीटर असे. त्याचा आकडा दोन व्होल्टच्या आत आला की मी कामाला हात घालायची.

आता शेंद्र्याचं सांगते.

तिथली औद्योगिक वसाहत नवी नवी उभी राहत होती तेव्हापासून मी स्कूटीवरून त्या रस्त्यानं जायची. सिडको सोडलं, विमानतळ मागे पडला, की पंक्चरचं एक दुकान लागायचं. ते माझ्या मनानं शहराचं शेवटचं दुकान. दर दोन-तीन वर्षांनी ते शेवटचं दुकान आणखी पुढे सरकायचं. आधीचं दुकान टाइल्सच्या शोरूममागे दडून जायचं आणि शेतात नवं उभं राहायचं, त्याच टायरांची माळ लावून. ज्या कारखान्याचं मी सांगतेय तो वसाहतीच्या टोकाला होता. गाड्यांचे सुटे भाग बनवायचा. मागच्या भिंतीला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे गावाचं रान.

त्या सगळ्या कारखान्यात बायका आम्ही दोघीच. मी, तीही पाहुणी. आणि साफसफाई करणाऱ्या हौसाबाई. त्या शेंद्र्याच्याच, धनगराच्या घरातल्या. चराईचं रान प्लॉटांखाली गेल्यावर त्यांनी ठेकेदाराकडे काम धरलं होतं. नऊवारीवर निळा कोट घालायच्या आणि तो कोट कमरेला खोचायच्या. बायकांचं स्वच्छतागृह पार मागे होतं. पुरुषांनी वापरू नये म्हणून त्याला कुलूप असायचं आणि किल्ली हौसाबाईंच्या कनवटीला. मी सर्व्हरच्या खोलीतून बाहेर आले की त्या माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखायच्या. "चला म्याडम, म्या हाय भाईर," असं म्हणून दाराशी उभ्या राहायच्या. ज्या बायकांनी पुरुषांच्या कारखान्यात दिवस काढलेत त्यांना हे किती मोठं असतं ते कळेल. इतरांना सांगून उपयोग नाही.

दुपारचा डबा आम्ही मागच्या भिंतीच्या सावलीत खायचो. माझी पोळीभाजी, त्यांची भाकरी आणि ठेचा. ठेचा मला झेपायचा नाही, तरी मी खायची आणि त्या पोट धरून हसायच्या. एकदा त्यांनी काचेच्या दारातून आत बोट दाखवून विचारलं, "म्याडम, ह्या पेट्यांमदी काय चालतंय वो एवढं? रातंदीस घूं घूं करत्यात."

मी हसत म्हटलं, "ते तुम्हाला नाही कळायचं, हौसाबाई."

त्याही हसल्या. "व्हय, खरंय. आमाला मेंढरं कळत्यात, तेवढं बास हाय."

मी कुचेष्टेनं नव्हते बोलले. मायेनंच बोलले होते. आंबेवाल्या डॉक्टरीणबाईंना मी तासभर सर्व्हर समजावून सांगितला होता.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेला होता. जायकवाडीत तळाचा गाळ दिसत होता. गारखेड्यात आमच्या नळाला पाणी आठवड्यानं यायचं, गच्च्यांवर निळे ड्रम आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. कारखान्यांचं पाणी तोडलेलं, तिथे टँकर. हौसाबाईंचा नवरा आणि दीर खांडवा घेऊन, म्हणजे मेंढरांचा कळप घेऊन, गोदावरीच्या अंगाला निघून गेले होते. ज्यांना चालवणार नाही अशा चार गाभण मेंढ्या हौसाबाईंकडे मागे ठेवल्या होत्या. डबा खाताना त्या मेंढ्यांचंच बोलायच्या. कुठली चारा सोडते, कुठली रात्रभर जीभ बाहेर काढून असते. मी हूं हूं करायची. माझं डोकं कामात.

काम मोठं होतं. कारखान्याचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवायचं होतं आणि एप्रिलच्या एका सोमवारी जुनं बंद करून नवं सुरू करायचं ठरलं होतं. फेब्रुवारीत मी येऊन सगळं तपासून गेले. तिसरा मुद्दा, अर्थिंग, दोन व्होल्टच्या आत. लिहिलं, खाली रेघ मारली.

सोमवार उजाडला. विंडोजवालं यंत्र तासात तयार झालं. लिनक्सवाल्यात जुना सगळा डेटा भरायचा होता. तो साठ टक्क्यांवर गेला आणि तुटला. एकच ओळ लिहून ते गप्प. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटला. मंगळवारी यंत्र आपोआप बंद पडून सुरू झालं. मी मेमरी बदलली, डिस्क बदलली, सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन करकरून त्यांच्या नाकी नऊ आणले. बुधवारपर्यंत चार वेळा काम फसलं होतं. बाहेर फाटकावर ट्रकांची रांग लागली, कारण पास हातानं लिहावे लागत होते. कारखान्याचे मोठे साहेब दर तासाला काचेच्या दाराशी येऊन उभे राहायचे. वीस वर्षांत माझं एकही काम चौथ्यांदा फसलं नव्हतं. आमच्या छोट्या कंपनीची अर्धी गिऱ्हाइकं याच वसाहतीतली. माझी अब्रू आणि कंपनीची अब्रू त्या साठ टक्क्यांवर अडकून बसली होती.

बुधवारी दुपारी कारखान्याचे वायरमन रहीमभाई ट्यूब बदलायला आले. वयानं माझ्याहून मोठे, तोंडात कायम बडीशेप. शिडीवरूनच म्हणाले, "म्याडम, अर्थिंग देखे क्या तुम?"

मी वही उघडून दाखवली. "देखा है. दो व्होल्टच्या आत. ये देखो."

त्यांनी वहीकडे बघितलं आणि खाली उतरत म्हणाले, "ये तो फरवरी का है ना. बाद में जमीन कू क्या हुआ वो जमीन कू पूछो. वही कू कैकू पूछते?"

मला राग आला. पण मल्टिमीटर घेतला. आकडा अकरा. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा. आम्ही मागे जाऊन झाकण उचललं. आत माती भाजल्यासारखी, भेगा पडलेली. पाणी टाकायच्या नळीवर कोळ्याचं जाळं.

रहीमभाई चक्रावले. त्यांनी स्वतः सांगून ठेवलं होतं, या खड्ड्याला रोज सकाळी टँकरमधून एक बादली. फाटकावरच्या रजिस्टरात रोजची नोंद होती. "खड्ड्यास पाणी, १ बादली." पुढे वेड्यावाकड्या अक्षरात सही. हौसा.

मी किल्ली मागायला म्हणून हौसाबाईंना शोधत गेले. खरं तर किल्लीसाठी नाही, ते मला माहीत होतं. भिंतीच्या कोपऱ्यावरून वळले तर त्या तारेच्या कुंपणाशी वाकल्या होत्या. पलीकडे पत्र्याचा अर्धा डबा ठेवलेला, चार मेंढ्यांची तोंडं त्यात, आणि हौसाबाई तारेवरून बादली तिरपी करून बारीक धारेनं पाणी सोडत होत्या. एक थेंब बाहेर जाऊ देत नव्हत्या. मला बघून त्या दचकल्या नाहीत.

"या म्याडम. बगा, ही काळ्या तोंडाची. आज-उद्या व्येती बगा ही."

"हौसाबाई, हे खड्ड्याचं पाणी ना?"

"व्हय की." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "चांगलं पाणी रोज जिमिनीत वता म्हणत्यात. अन् ही मुकी जनावरं तोंडाकडं बगत्यात. माजा हात वळला नाय म्याडम."

मी तिथून निघाले ती थेट खोलीत आले. बोलायला हवं होतं, तिथेच, त्याच क्षणी. पण काचेच्या दाराशी साहेब उभे होते आणि त्यांना संध्याकाळच्या आत कारण लेखी हवं होतं.

आमच्या धंद्यात ही पद्धत आहे. काम बिघडलं की का बिघडलं ते लिहून द्यायचं. मी लिहिलं. "अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाणी टाकल्याची नोंद आहे, प्रत्यक्षात पाणी टाकले जात नव्हते." शब्दन् शब्द खरा. "दुष्काळामुळे खड्डा कोरडा पडला होता," एवढंच लिहिलं असतं तरी खरंच झालं असतं. आणि "फेब्रुवारीनंतर मी मोजमाप घेतले नाही," हे तर सगळ्यात खरं होतं. ते मी लिहिलं नाही. खाली सही केली. वडिलांच्या वळणाची सही आहे माझी.

गुरुवारी सकाळी मी पोचले तेव्हा रहीमभाई दारातच म्हणाले, "पानी डल गया. नापो." मोजलं. आकडा उतरत होता, तासाभरात दोनच्या आत आला. मी डेटा भरायला घेतला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती आणि मी तिच्याकडे डोळे लावून बसले होते. साठ टक्के गेले. सत्तर गेले. नव्वदही गेले.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. हौसाबाई उभ्या होत्या. अंगात निळा कोट नव्हता. मला काहीतरी सांगायला आल्या होत्या. मी पंजा वर करून खूण केली, थांबा. आणि पुन्हा पट्टीकडे बघितलं. पट्टी काही माझ्या बघण्यानं सरकत नव्हती. ती तिच्या तिच्या वेगानं गेली असती. हे मला त्या धंद्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. तरी मी पंजा वर केला.

काम पूर्ण झालं. लिनक्स अवाक्षर बोललं नाही, म्हणजे सगळं नीट झालं होतं. मी दार उघडलं तर बाहेर कुणी नव्हतं. साहेबांनी पेढे मागवले होते, सगळे माझं अभिनंदन करत होते, ट्रक हलायला लागले होते. संध्याकाळी निघताना फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझ्या हातात किल्ली ठेवली. "हौसाबाईनं दिलीय. म्हणली, म्याडमला द्या, न्हाईतर त्यांची पंचाईत व्हईल. ठेकेदारानं सकाळीच घरी बसवलंय तिला."

दोन आठवड्यांनी देखभालीसाठी गेले तेव्हा रहीमभाई खड्ड्याशी भेटले. मी विचारलं, त्या दिवशी पाणी तुम्ही टाकलंत ना? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ते टँकरची वाट बघत होते. पाणी हौसाबाईंनी टाकलं होतं. कामावरून काढल्याचं कळल्यावर त्या आपली शेवटची बादली घेऊन खड्ड्याशी आल्या आणि रहीमभाईंना विचारलं, या खड्ड्यात पाणी कशाला टाकतात ते तरी सांगा मला. रहीमभाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. जमीन ओली नसली तर आतल्या मशीनचा जीव घाबरतो, ते चालू शकत नाही. बस, एवढंच. हौसाबाईंनी बादली हळूहळू रिकामी केली. मग आणखी एक आणली. आणि काहीतरी म्हणाल्या. ते रहीमभाईंनी मला सांगितलं, पण कसं, तर दुसरीकडे बघत.

मी कारखान्यातून तशीच गावात गेले. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, चारी मेंढ्या टेम्पोत घालून गेली नवऱ्याकडं, गोदावरीच्या अंगाला. काळ्या तोंडाची व्यायली का, तेही मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. पाऊस झाल्यावर पुन्हा गेले, तेव्हाही कडीच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा घर नव्हतं. तिथे गोदाम होतं आणि त्याच्यापुढे पंक्चरचं दुकान.

हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली. आता कारखान्यांत ती थंड खोली राहिली नाही. सर्व्हर कुठल्या तरी दूरच्या शहरात असतो, तो कुणी बघितलेला नसतो आणि त्याच्या खड्ड्याला पाणी कोण टाकतं ते कुणाला माहीत नसतं. नवी मुलं घरी बसून दहा मिनिटांत सर्व्हर उभा करतात. चांगलंच आहे. पण मला ती खोली हवी आहे, ती घूं घूं हवी आहे, बाहेर आल्यावर अंगावर येणारं ऊन हवं आहे आणि भिंतीच्या सावलीतला तो न झेपणारा ठेचा हवा आहे. शहराला आता नवं नाव आहे, रुंद रस्ते आहेत. बायपासला कधी मेंढरांचा कळप आडवा आला की लोक हॉर्न वाजवतात. मी स्कूटी बाजूला लावून कळपामागच्या बायकांचे चेहरे बघत उभी राहते. किल्ली पर्समध्येच असते. ते स्वच्छतागृह कधीच पाडलं.

मला हौसाबाईची माफी मागायची आहे असं नाही. म्हणजे मागायची आहेच. पण त्याहून जास्त, मला तिला आत नेऊन एका खुर्चीवर बसवायचं आहे, अंगावर माझा स्वेटर घालायचा आहे आणि त्या पेट्यांमध्ये काय चालतं ते पहिल्यापासून सांगायचं आहे. जसं वर तुम्हाला सांगितलं, तसं. फार वेळ लागत नाही, बघितलंत ना तुम्ही.

त्या दिवशी खड्ड्याशी ती रहीमभाईंना म्हणाली होती, "ह्येला बी तहान लागती, ह्ये आदी सांगायचं व्हतं की मला. अर्दी ह्येला दिली आसती, अर्दी मेंढरांला."

त्यानंतर जिथे जिथे गेले तिथे मी हे मोजून बघितलं. कडक उन्हाळ्यात, अगदी शेंद्र्याच्या मुरमाड जमिनीतसुद्धा, एका खड्ड्याला रोज अर्धी बादली पुरते.